दोन रकान्यांची वही

माझ्या कपाटात एक दोनशेपानी वही आहे. २६ जुलै २००५ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं, तेव्हा ती सगळ्यात खालच्या फळीवर होती. पुढे चार दिवस पंख्याखाली पानं वाळवली, पण त्यांच्यावरच्या लाटा गेल्या नाहीत. शाई काही ठिकाणी फुटली आहे. तरी पहिलं पान वाचता येतं. पान मधोमध दुमडून दोन रकाने पाडले आहेत, डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी. पहिल्या ओळीत डावीकडे ‘विस्थापन’ आणि उजवीकडे ‘डिस्प्लेसमेंट’. वर तारीख आहे, जुलै १९७९.

त्या वर्षी मी बदलापूरच्या मराठी शाळेतून दहावी झाले आणि उल्हासनगरातल्या एका कॉलेजात अकरावी सायन्सला गेले. दहावीला विज्ञानात मला चांगले गुण होते. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नात तर माझा एकही गुण कधी जायचा नाही. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात मात्र भौतिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर जे चाललं होतं ते मला येतच होतं, हे कळायलाही मला आठ दिवस लागले. वेग, चाल, त्वरण, विस्थापन हे सगळं मी नववी-दहावीत शिकले होते, गणितं सोडवली होती. इथे ते सगळं दुसऱ्याच नावांनी समोर येत होतं. ओळखीचं माणूस अनोळखी कपड्यांत आलं की आधी आपण दचकतो, तसं झालं.

मी पाचवीपासून इंग्रजी शिकले होते. आमच्या वेळी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीत सुरू व्हायची आणि दहावीच्या परीक्षेत ती खालच्या स्तराची तिसरी भाषा असायची. तेवढ्या इंग्रजीत गाईवर दहा ओळी लिहिता यायच्या, सुट्टीचा अर्ज लिहिता यायचा. पण ‘ब्युरेटमधल्या द्रवाच्या खालच्या मेनिस्कसची नोंद घ्या’ हे वाक्य त्या इंग्रजीत कुठेच आलेलं नव्हतं. पहिल्या टायट्रेशनला मी वरच्या कडेची नोंद घेतली. तिन्ही वाचनं एकमेकींशी जुळली आणि तिन्ही चुकली. मराठी मीडियमवाल्यांनी आर्ट्सला जावं, असं मला तिथे सर्वांदेखत सुनावण्यात आलं. द्रवाचा पृष्ठभाग नळीत वाकलेला दिसतो आणि नोंद खालच्या वळणाशी घ्यायची, एवढंच कुणी मराठीत सांगितलं असतं तर पुढच्या खेपेला माझं वाचन बरोबर आलं असतं.

‘डिस्प्लेसमेंट’ हा शब्द मला माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने दिला. ती सिंधी. घरी सिंधी, बाजारात हिंदी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची. तिच्या आजोबांचा हिशोब उजवीकडून डावीकडे लिहिलेला असे. ती म्हणाली, हा शब्द तर आमच्या घरी सगळ्यांना येतो, माझ्या दादीलासुद्धा. एका शनिवारी ती मला घरी घेऊन गेली आणि पत्र्याच्या पेटीतून कागदांचं एक बासन काढून दाखवलं. मोडक्या कडांच्या सरकारी कागदांवर इंग्रजीत छापलेलं होतं, ‘डिस्प्लेस्ड पर्सन’. सिंधमध्ये सोडून आलेल्या घराच्या भरपाईचे ते कागद होते.

उल्हासनगर हे गावच त्या दोन इंग्रजी शब्दांवर वसलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा मोठा तळ उभारला होता. युद्ध संपल्यावर बराकी ओस पडल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख माणसांना सरकारने तिथे आणून सोडलं. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं उल्हासनगर असं नामकरण झालं. पण लोक आजही पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प तीन, कॅम्प पाच असंच सांगतात. या माणसांनी पोटापाण्याबरोबर आणखी एक गोष्ट फार लवकर उभी केली, ती म्हणजे कॉलेजं. सिंधमधल्या हैदराबादला १९२२ साली निघालेलं नॅशनल कॉलेज मागे राहिलं होतं. प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९ साली ते वांद्र्याला पुन्हा सुरू केलं. त्यांच्याच मंडळाने १९६५ साली उल्हासनगर स्टेशनसमोर चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी कॉलेज काढलं. आर. के. तलरेजा कॉलेज त्याच्या आधीचं, १९६१चं. बदलापूर, वांगणी, नेरळपासूनची मराठी पोरं लोकल पकडून या सिंधी मंडळींनी काढलेल्या कॉलेजांत शिकली. अंबरनाथ-बदलापूरच्या किती घरांतला पहिला पदवीधर विठ्ठलवाडी किंवा उल्हासनगर स्टेशनात उतरून झालेला आहे! याचं ऋण आपण पुरेसं मान्य केलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

शब्दांची वही करायची कल्पना मला बाबांमुळे सुचली. बाबा सातवी शिकलेले, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लेथवर होते. अकरावीच्या प्रॅक्टिकलला पहिलाच प्रयोग व्हर्नियर कॅलिपरचा होता. ‘लीस्ट काउंट’ काढायचा. मी रात्री पुस्तक घेऊन बसले होते. बाबा जेवता जेवता म्हणाले, लीस्ट काउंट? आण इकडे. त्यांनी विमकोच्या काडेपेटीतल्या काड्या जमिनीवर मांडल्या. वरच्या ओळीत दहा काड्या, त्यांच्यात सारख्या नऊ जागा. खाली तेवढ्याच लांबीत अकरा काड्या, म्हणजे दहा जागा. म्हणाले, खालची प्रत्येक जागा वरच्यापेक्षा जराशी लहान, होय ना? किती लहान, तर एकाचा दहावा भाग. तेवढाच तुझा लीस्ट काउंट, त्याच्याहून बारीक हे हत्यार मोजू शकत नाही. मग त्यांनी ‘टॉलरन्स’ सांगितला, किती चूक चालते आणि कुठे जॉब रिजेक्ट होतो ते. माझ्या मराठी पुस्तकात ‘लघुतम माप’ होतं, बाबांच्या तोंडी ‘लीस्ट काउंट’ होता आणि दोन्ही एकच आहे हे मला त्या काड्यांनी दाखवलं. बाबांना इंग्रजीतलं एक वाक्य धड बोलता येत नव्हतं. पण त्या दोन शब्दांचा अर्थ त्यांच्या हाताला पक्का ठाऊक होता. त्या रात्री मी नवी वही दुमडली आणि मैत्रिणीने दिलेला शब्द सगळ्यात वर लिहून घेतला.

पुढे मी भौतिकशास्त्र सोडून इंग्रजी घेतली, एम. ए. केलं, ज्युनियर कॉलेजात शिकवलं आणि १९८८पासून अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाड्याच्या एका खोलीत संध्याकाळचा वर्ग चालवला. पाटी लावली होती, ‘अकरावी सायन्सची इंग्रजी’. लोक विचारायचे, सायन्सची इंग्रजी म्हणजे काय? फिजिक्सचा क्लास असतो, केमिस्ट्रीचा असतो, स्पोकन इंग्लिशचा तर गल्लोगल्ली असतो. हे मधलंच काय? मला तर तेच मधलं हवं होतं.

आपल्याकडे हे मधलं काम फार जुनं आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ला ‘दर्पण’ काढला तो दोन रकान्यांत, एकात मराठी आणि एकात इंग्रजी. मी त्याच्या पानाचं छायाचित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझीच वही समोर उघडल्यासारखं वाटलं. आधीच्याच वर्षी, १८३१ साली, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापून झाला होता. जांभेकर १८३४ साली एल्फिन्स्टनमध्ये शिकवू लागले. ज्ञान इंग्रजीत आहे आणि विद्यार्थी मराठीत आहे, मग मध्ये कुणीतरी उभं राहिलं पाहिजे, हे त्या पिढीला स्वच्छ दिसत होतं. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी मुंबईच्या शिक्षण मंडळात मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचं म्हणणं, उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं. जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस यांचं म्हणणं, देशी भाषांतून दिलं तरच ते लोकांपर्यंत जाईल. पुढे १८५७ साली विद्यापीठ निघालं ते इंग्रजीचंच. १८५९ साली झालेल्या पहिल्या मॅट्रिकला १३२ जण बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. बाकीच्या एकशेदहा मुलांची नावं कुणाला माहीत नाहीत. शिकवताना मला राहून राहून त्या एकशेदहांची आठवण व्हायची. रानड्यांची थोरवी अशी की ते स्वतः पलीकडे पोचल्यावरही, विद्यापीठात मराठीला जागा मिळावी म्हणून अखेरपर्यंत भांडत राहिले. आणि १९१६ साली धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं त्यात शिक्षण मातृभाषेतून ठेवलं आणि इंग्रजी हा विषय म्हणून ठेवला. हा तिसरा रस्ता होता. तो मुख्य रस्ता झाला नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने १९४८ साली पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढली. हेतू चांगला होता, मातृभाषेचा पाया पक्का व्हावा. पण कॉलेज होतं तिथेच राहिलं. त्या पिढीच्या मुलांना आठवी ते अकरावी अशी चारच वर्षं इंग्रजी मिळाली आणि इंटर सायन्सला पुस्तकं मात्र इंग्रजीत होती. घराचा जिना एका टोकाने कापला आणि माडी तशीच ठेवली. महाराष्ट्र झाल्यावर इंग्रजी पुन्हा पाचवीत आली. २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोऱ्यांनी ती पहिलीपासून आणली. एवढ्या सगळ्या वर्षांत वाद झाला तो इंग्रजी कितवीपासून यावर. इंग्रजी कोणती, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. पहिलीपासून ‘अ‍ॅपल’ शिकलेल्या मुलालाही अकरावीत ‘डिराइव्ह’, ‘डिड्यूस’, ‘जस्टिफाय’ या तीन क्रियापदांत काय मागितलंय ते कळत नाही, हे मी स्वतः दरवर्षी पाहत आले.

माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी फळ्यावर एक शब्द लिहायची, ‘सोल्यूशन’. अर्थ विचारला की अर्धा वर्ग म्हणायचा ‘उत्तर’, गणितवाले म्हणायचे ‘उकल’. मग रसायनशास्त्राचं पुस्तक उघडायला लावायची. तिथे सोल्यूशन म्हणजे ‘द्रावण’. पाठोपाठ ‘बेस’. भूमितीत त्रिकोणाचा पाया आणि रसायनात आम्लारी. ‘पॉवर’ गणितात घात, भौतिकात शक्ती. ‘सेल’ जीवशास्त्रात पेशी, विजेच्या धड्यात विद्युतघट. ‘प्रॉडक्ट’ एकीकडे गुणाकार आणि दुसरीकडे अभिक्रियेतून तयार झालेला पदार्थ. मुलं थक्क व्हायची. त्यांना वाटत असे की इंग्रजी श्रीमंत आणि मराठी अपुरी. इथे तर एका इंग्रजी शब्दासमोर मराठीने दोन-दोन वेगळे शब्द ठेवले होते. मराठीतून शिकलेल्या मुलाच्या डोक्यात द्रावण आणि उकल यांचा गोंधळ कधीच होत नाही. तो इंग्रजी माध्यमाच्या मुलाचा होऊ शकतो. मराठी माध्यमाचं मूल मागे असतं असं म्हणणाऱ्यांना मी हे आजही सांगते. त्या मुलाची कल्पना स्वच्छ असते, फक्त नाव दुसरं असतं. म्हणून मराठी बाजूला ठेवा, इंग्रजीतच विचार करा, हा उपदेश मी कुणाला कधी केला नाही. डावा रकाना भरलेला असेल तर उजवा भरायला एक पावसाळा पुरतो.

वाक्यांचंही तसंच. प्रयोगवहीत लिहायचं असतं ते इंग्रजी ‘पॅसिव्ह’मध्ये. द्रावण घेतलं गेलं, तापमान नोंदवलं गेलं. स्पोकनच्या क्लासला जाऊन आलेली मुलं ‘आय टूक’, ‘आय सॉ’ लिहायची आणि गुण जायचे. मी त्यांना आठवीचं मराठी व्याकरण आठवायला लावायची. ‘रामाने आंबा खाल्ला’, प्रयोग कोणता? कर्मणी. क्रियापद कुणाच्या मागे जातं? आंब्याच्या. चिंच असती तर ‘खाल्ली’. म्हणजे आपण घरात रोज शंभरदा कर्माला पुढे करूनच बोलतो. करणाऱ्याला मागे ठेवून केलेल्या गोष्टीला पुढे आणणं मराठी माणसाला जन्मापासून येतं. फक्त आता रामालाही काढून टाकायचं, प्रयोगशाळेत कुणी केलं ते महत्त्वाचं नाही. हे पटलं की ‘वॉज टेकन’ आपोआप येऊ लागायचं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचं व्याकरण लिहिलं १८३६ साली, आणि इंग्रजी शिकायला पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली तीही तर्खडकरांचीच भाषांतरपाठमाला. दोन्ही कामं एकाच आडनावाखाली यावीत यात मला फार अर्थ दिसतो.

डावा रकाना मात्र स्थिर नव्हता. माझ्या शाळेत प्रकाशाचं ‘वक्रीभवन’ व्हायचं. माझ्या विद्यार्थ्यांच्या पुस्तकात त्याचं ‘अपवर्तन’ झालं. भाषा संचालनालय १९६०मध्ये स्थापन झालं आणि त्याने विषयवार परिभाषा कोश काढले. ते काम मोठं आणि चिकाटीचं, त्याला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा तसा एक पानाचा कोश करून बघावा. नागपूरच्या विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने पदवीच्या पातळीची मराठी पुस्तकंही काढली. पण ती वाचून परीक्षा द्यायची सोय विज्ञानाच्या विद्यार्थ्याला नव्हती. शब्द तयार होते आणि ते जिथे चालावेत तिथे दार बंद होतं. २०२१ साली निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू केली तेव्हा मी ती बातमी कापून वहीत ठेवली.

मधल्या काळात सेमी-इंग्रजी आली. गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून. माझा वर्ग तिच्यामुळे निम्म्यावर आला आणि मला त्याचा आनंद झाला. आज उल्हासनगरात आयईएलटीएसच्या पाट्या दिसतात. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं अशा चार कसोट्या आणि नवापैकी बँड. परदेशी विद्यापीठात जाणाऱ्या मुलासाठी ती तयारी जगाने व्यवस्थित आखून ठेवली आहे. वांगणीहून उल्हासनगरला जाणाऱ्या मुलासाठी तशी तयारी कधी कुणी आखली नाही. विद्यापीठाने एफ.वाय.बी.ए.ला ‘कम्युनिकेशन स्किल्स’ आणि एफ.वाय.बी.कॉम.ला ‘बिझनेस कम्युनिकेशन’ ठेवलं, पण तोवर विज्ञानाच्या वाटेवरून किती मुलं अकरावीतच परत फिरलेली असतात.

मी आता वर्ग बंद केला आहे. पण शेजारपाजारची दोन-चार मुलं येतात. गेल्या जूनमध्ये एक मुलगी आली, मुरबाडच्या बाजूची, आता बदलापुरात मामाकडे राहणारी. बारवी धरणाची उंची वाढवली तेव्हा त्यांचं घर पाण्याखाली गेलं. मी नेहमीप्रमाणे वही दुमडायला सांगितली आणि पहिली ओळ घातली, ‘विस्थापन’. ती थांबली. हा शब्द तिने विज्ञानाच्या पुस्तकात वाचला होता आणि घरच्या अर्जांवरही वाचला होता, दोन्ही एकच असतील असं तिला वाटलं नव्हतं. मी कागदावर आडवीतिडवी वाट काढली आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरळ रेघ ओढली. वाट कितीही लांब असू दे, डिस्प्लेसमेंट म्हणजे ही रेघ, किती आणि कुठल्या दिशेला. तिने विचारलं, म्हणजे आमचं गाव ते इथपर्यंत? मी म्हटलं, होय.

तिने पट्टी घेऊन पानावर आणखी एक रेघ मारली आणि तिसरा रकाना केला. तिच्या घरी विस्थापन कुणी म्हणत नाही. तिथे तिने लिहिलं, ‘गाव उठलं’.